पानाला भोक पडू द्या

रोपवाटिकेत झाड घ्यायला गेलं की विकणारा त्याचे तीन गुण हमखास सांगतो. याला कीड लागत नाही, याची पानं फारशी गळत नाहीत आणि यावर पक्षी बसून घाण करत नाहीत. गिऱ्हाइकाला नेमकं हेच ऐकायचं असतं. मग अरेका पाम, फॉक्सटेल पाम, मोरपंखी आणि बारीक पानांचा फायकस गाडीत चढतात. सोसायटीच्या फाटकापासून बँकेच्या दारापर्यंत, नागपूर असो की नवी मुंबई, सगळीकडे एकच बाग दिसते.

हे पुस्तक त्या तीन गुणांना दोष मानून लिहिलं आहे. ज्या पानाला कुणी तोंड लावत नाही ते सावली देतं, डोळ्याला गारवा देतं, पण आसपासच्या जिवांच्या लेखी ते पान असून नसून सारखंच. बाग चांगली आहे की नाही हे मी पानं उलटी करून पाहतो. भोकं, कुरतडलेल्या कडा, गुंडाळलेली टोकं, कुठे अंडी, कुठे कोष दिसले की बाग चालू आहे असं समजायचं. सगळी पानं धुतल्यासारखी गुळगुळीत असतील तर तिथे एकतर फवारणी होते, नाहीतर त्या झाडाला इथे ओळखणारं कुणी नाही.

फुलपाखरांसाठी बाग म्हटली की लोक फुलं लावतात. झिनिया, पेंटास, कॉसमॉस लावतात आणि फुलपाखरं येतातही. मध सगळ्यांना चालतो. सोंड पोचली की झालं. झाड मेक्सिकोचं की मावळातलं, याची चौकशी फुलपाखरू करत नाही. घाणेरीच्या फुलांवर तर त्यांची झुंबड असते. चौकशी सुरू होते ती मादीला अंडी घालायची असतात तेव्हा. मग तीच मादी बागेतली शंभर झाडं ओलांडून एखाद्या ठरावीक पानावर उतरते, पुढच्या पायांनी ते चाचपते, पायांनीच त्याची चव घेते आणि खात्री पटली तरच अंडं चिकटवते. कारण कुठलंही झाड आपलं पान सुखासुखी खाऊ देत नाही. चीक, तुरटपणा, उग्र तेलं, सरळसरळ विष, असा बंदोबस्त प्रत्येकाने केलेला असतो. त्यावर तोड काढायला किड्यांना पिढ्यान् पिढ्यांचा सहवास लागतो, आणि एका झाडाच्या विषावर काढलेली तोड दुसऱ्या झाडाला लागू पडत नाही. म्हणून बहुतेक अळ्या एकाच कुळातल्या मोजक्या झाडांवर वाढतात. दूरदेशीहून आलेलं झाड फुलांनी पाहुणचार करू शकतं. इथल्या बहुतेक अळ्यांचं त्याच्या पानावर भागत नाही.

याचा पाठ घ्यायचा तर रुईसारखा गुरू नाही. रुई कुणी लावत नाही. पडीक प्लॉट, रस्त्याचा कठडा, उकिरड्याची कड, जिथे माती म्हणण्यासारखं काही नसतं तिथे ती उभी असते. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी चार पानं तोडली जातात तेवढीच तिची विचारपूस. पान तोडलं की पांढरा चीक ठिबकतो आणि तो विषारी आहे हे गुराखीसुद्धा जाणतो. आता पान उलटून पाहा. खालच्या बाजूला खसखशीच्या दाण्याएवढं एकच पांढुरकं अंडं सापडेल. ते प्लेन टायगर या केशरी फुलपाखराचं. अंड्यातून निघालेली अळी आधी स्वतःचं टरफल खाते, मग पानाकडे वळते. थोडी मोठी झाली की पानाची शीर आधी कुरतडून ठेवते, चीक तिथून गळू देते आणि मग पुढचं निचरा झालेलं पान निवांत खाते. नळ दुरुस्त करणारा आधी कॉक बंद करतो, तसलाच हा हिशेब. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. लपायची तिला गरज नसते. रुईचं विष ती पचवते आणि अंगात साठवून ठेवते. ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एखाद्या अननुभवी पक्ष्याने ते गिळलं तर त्याला उलटी होते आणि पुन्हा तो केशरी रंगाच्या वाटेला जात नाही.

गोष्ट इथे संपत नाही. डॅनेड एगफ्लाय नावाचं दुसरं एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी केशरी. तिच्या अंगात विष नाही. दुसऱ्याच्या दहशतीवर ती जगते. तिची अळी वाढते घोळीवर, म्हणजे ज्या घोळीची आपण डाळ घालून भाजी करतो तिच्यावर. म्हणजे ही मादी सुखरूप राहायची तर त्या परिसरात रुईही हवी आणि घोळही हवी. सोसायटीचा माळी पावसाळ्यानंतर जे दोन ‘तण’ सगळ्यात आधी उपटतो ते हेच. शिवाय रुईच्या फुलांवर मोठा काळा भुंगा येतो, पराग वाहून नेतो, शेंगा धरतात, आणि त्या तडकल्या की पोरं ज्यांच्यामागे धावतात त्या ‘म्हाताऱ्या’ उडू लागतात. हा कापूस घरट्यात अंथरायला पक्ष्यांनाही चालतो. एका उपेक्षित झुडपाभोवती एवढा व्यवहार चालतो आणि आपण त्याला मोकळा प्लॉट म्हणतो.

ज्यांच्याकडे रुईला जागा नाही त्यांच्याकडे निदान कढीपत्त्याची कुंडी असते. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली भावंडं. त्यांच्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी आणि ओलसर. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घरोघरी या अळीला चिमट्यात धरून बाहेर फेकतात, नाहीतर पानांवर औषध मारतात आणि दोन दिवसांनी तीच पानं फोडणीत घालतात. अळीने खाल्लेला कढीपत्ता पुन्हा फुटतो, बहुधा आधीपेक्षा जोमाने. २०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. राणी पाकोळीही याच कुळावर वाढते: रानात माकडलिंबू आणि किरमिरा, वस्तीत लिंबू, पपनस. तिला राज्याचा मान आणि तिच्या अळीवर फवारा, असा आपला कारभार आहे.

अळी म्हणजे फुलपाखराचं बालपण, एवढ्यापुरतंच हे प्रकरण नाही. चिमणी दाणे खाते हे बरोबर, पण चिमणीचं पिल्लू दाण्यावर वाढत नाही. पहिले काही दिवस त्याला मऊ किडे आणि अळ्या लागतात. शिंजीर फुलातला मध पितो, पण पिल्लांना कोळी आणि किडे भरवतो. शिंपी, नाचण, रामगंगा, बुलबुल, सगळ्यांच्या घरट्यातली गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. शिंजीराचं घरटं तर कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं असतं. गच्चीतली जळमटं आपण दर आठवड्याला काढतो आणि खिडकीत प्लास्टिकचं घरटं टांगून पक्ष्यांची वाट बघतो. बाजरीची वाटी ठेवणं वाईट नाही, मीही ठेवतो. पण वाटीपेक्षा अळ्या लागलेलं एक झाड जास्त तोंडं पोसतं.

कुणी खाऊ नये म्हणूनच झाड निवडलं की काय होतं, हे पाहायला पुण्याच्या टेकड्यांवर जावं. तिथे फेब्रुवारी-मार्चात सगळीकडे फिकट गुलाबी मोहर दिसतो आणि लोक फोटो काढतात. ही ग्लिरिसिडिया, आपल्याकडची उंदीरमारी ऊर्फ गिरिपुष्प. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. उजाड टेकडी लवकर हिरवी दिसावी म्हणून ती लावली गेली. फांदी खोचली तरी येते, वाढते भराभर, जमिनीला नत्र देते आणि शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, आणि हा शेवटचा गुण त्या काळी अगदी मोलाचा वाटला असणार. पण त्याच गुणामुळे त्या दाट सावलीत आज चालताना कानाला शांतता जाणवते. त्या जागी पूर्वी सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, गणेर, हेंकळ अशी विरळ, खुरटी, काटेरी झाडी होती आणि मध्ये मध्ये गवत. त्यातलं काही काही उतारांवर अजून टिकून आहे. दिसायला ते भणंग दिसतं. मार्चमध्ये त्यावर पानही नसतं. ज्याला बाग म्हणजे बारमाही हिरवळ वाटते त्याला या झाडीचं कौतुक पटवून देणं अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

मग देशी कशाला म्हणायचं? या प्रश्नावर भांडणं होतात आणि त्यात मला फारसा रस नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिकेच्या उष्ण भागातला, आणि चिंचेचं मूळ आफ्रिकेत शोधतात. पण चिंच इथे इतकी जुनी आहे की ब्लॅक राजा नावाचं देखणं फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं. कुंपणावरच्या परदेशी कृष्णकमळाला टॉनी कोस्टरने आपलंसं केलं आहे. सिंगापूर चेरीवर फुलटोच्यापासून वटवाघळापर्यंत सगळ्यांची दिवसरात्र ये-जा असते. ज्याला सगळेजण खोटा अशोक म्हणून हिणवतात त्या उंच सरळ झाडावर टेल्ड जे सुखाने वाढतो, आणि शहरात हे हिरवं फुलपाखरू दिसतं त्याचं बरंचसं श्रेय त्या झाडालाच आहे. तेव्हा अंगणातला जुना गुलमोहर तोडा, असं या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. जुनं झाड उभं राहू द्या. नवं लावताना मात्र दहातली आठ इथली लावा.

पण ‘इथली’ म्हणजे कुठली, हा प्रश्न मला खरा वाटतो. ‘भारतीय झाड’ ही फार मोठी चादर झाली. महाबळेश्वराला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; तिथून पूर्वेला शे-सव्वाशे किलोमीटरवर बारामतीत पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावरचं जांभूळ, अंजनी, पिसा यांचं सदाहरित रान आणि बारामतीकडचं माळरान यांच्यात मोजक्याच वनस्पती सामायिक आहेत. सीताअशोक कोकणातल्या ओढ्याकाठचा. तो सोलापुरात लावून रोज दोन बादल्या पाणी घालणं म्हणजे त्याचाही छळ आणि आपलाही. सुरंगी, बकुळ, उंडी कोकणात आणि गोव्यात लावावीत. विदर्भात मोह, तेंदू, ऐन लावावेत. ऐन आणि अर्जुनावर टसर रेशमाची अळी वाढते आणि भंडारा-गडचिरोलीकडे त्यावर संसार चालतात. मराठवाड्यात हिवर, शमी, बोर, नेपती. सप्तपर्णी आपल्याच सह्याद्रीतली, तरी शहरातल्या प्रत्येक रस्त्यावर तीच एक लावल्याने दिवाळीच्या सुमारास तिच्या वासाने लोकांची डोकी धरतात. देशी झाडाचीही एकसुरी रांग लावली की ती शेवटी रांगच.

माळरानाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण झाडं लावण्याच्या उत्साहात सर्वांत जास्त नुकसान त्याचं होतं. सरकारी कागदावर ज्याला पडीक म्हणतात ते पुष्कळदा अस्सल गवताळ रान असतं. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर चंडोल, धाविक, तणमोर आणि एके काळी नान्नजच्या माळावर सहज दिसणारा माळढोक यांचं आयुष्य उभं आहे. माळढोक उघड्यावर अंडं घालतो, दूरवर नजर पोचेल अशी जागा शोधतो. तिथे देशी म्हणून पिंपळ लावले तरी त्याच्या दृष्टीने तो अडसरच. मियावाकी पद्धतीची दाट रोपवनं सध्या जोरात आहेत. शहरातल्या राडारोड्याच्या जागेवर ती जरूर करावीत, माळावर नकोत. तुमचं फार्महाउस अशा माळावर असेल तर तुमच्याकडून या पुस्तकाची अपेक्षा एवढीच, की कडेला चार बोरी-हिवरं ठेवा आणि बाकीचं गवत गवतच राहू द्या. कापायचं ते बी गळून गेल्यावर कापा.

मला एकच झाड लावायची मुभा असती तर मी उंबर लावला असता. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते खरंच, कारण आपण जे फळ समजतो त्याच्या आत शेकडो फुलं कोंडलेली असतात. आत जायला टोकाशी एक बारीक भोक. त्यातून डासाहून लहान अशी एक मादी वरट अंग चोरत आत घुसते, घुसताना बहुधा पंख तिथेच तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले पराग बाकीच्यांवर पसरते आणि तिथेच मरते. पिल्लांतले नर बिनपंखी; ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, बाहेर पडायला बोगदा खणतात आणि सूर्य न बघताच संपतात. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हातात एखाद-दोन दिवस असतात, तेवढ्यात दुसरं योग्य वेळेचं उंबर गाठायचं. म्हणूनच परिसरातली सगळी उंबरं एकदम फळून चालत नाहीत. कुणी आज, कुणी पुढच्या महिन्यात, अशी वर्षभर पाळी लागलेली असते. आणि म्हणूनच वैशाखात, जेव्हा रानात खायला फारसं काही उरत नाही, तेव्हाही कुठेतरी एखादा उंबर, वड किंवा पिंपळ लगडलेला असतो आणि त्यावर हरियाल, राखी धनेश, तांबट, मैना, खारी, आणि रात्री वटवाघळं अशी वर्दळ असते. हरियाल आपला राज्यपक्षी. त्याच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही, वड-उंबर तोडले नाहीत तरी पुरे.

उंबराला अंगणात जागा लागते, मुळं पाइप शोधतात, फळं पडून चिखल होतो. हे खोटं सांगून उपयोग नाही. विहिरीकाठी, बांधावर, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, स्मशानाजवळ तो लावावा. घराजवळ लावायला करवंद, कुडा, निर्गुडी, धायटी, अडुळसा, कोरांटी, बहावा अशी आटोपशीर मंडळी पुष्कळ आहेत. बहाव्याखाली उन्हाळ्यात पिवळा सडा पडतो तेव्हा लोक वर बघतात. पावसाळ्यात त्याच झाडाची पानं एमिग्रंट फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या चाळण करतात तेव्हा फोन येतात की झाडाला रोग पडला. महिन्याभरात पालवी परत येते. तेवढा महिना थांबायची तयारी हवी.

आपल्या जुन्या चालीरीतींत देशी वनस्पतींची एक यादी आपोआप तयार झाली होती. गणपतीच्या पत्रीत आघाडा, माका, डोरली, रुई, शमी, दूर्वा. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ. आषाढी एकादशीचा उपास सोडताना द्वादशीला वाघाटीची भाजी. ही वाघाटी काट्यांची वेल. तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिप, पायोनियर आणि कॉमन गल अशी तीन-तीन फुलपाखरं अवलंबून. मी धार्मिक अंगाने हे लिहीत नाही. मुद्दा एवढाच की ही पत्री गोळा करायला परसाकडे, बांधाकडे जावं लागायचं आणि त्या निमित्ताने पोरांना आघाडा कुठला आणि माका कुठला हे कळायचं. आता बाजारात पत्रीची जुडी मिळते, तिच्यात कुठलाही पाला असतो; दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं खपतात. गावोगावच्या देवरायांनीही ही यादी राखली: देवाच्या भीतीने का होईना, जुनी झाडी टिकली. १९७०च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घालून तिथल्या वनस्पतींच्या नोंदी केल्या. आपल्या भागात मुळात काय उगवत होतं हे कळायला जवळची देवराई पाहण्यासारखा दुसरा मार्ग मला माहीत नाही. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला तोही अजून उपयोगी पडतो, आणि मराठीत श्री. द. महाजनांनी देशी-विदेशी वृक्षांवर लिहून ठेवलं आहे.

बांडगुळाची बाजू घेणारा माणूस विरळा, म्हणून चार ओळी. आंब्यावर बांडगूळ दिसलं की शेतकरी फांदी छाटतो, त्याचं बरोबर आहे, त्याचं पोट आंब्यावर आहे. पण अंगणातल्या एखाद्या आडव्यातिडव्या झाडावर ते असेल तर राहू द्यावं. अंगठ्याएवढा फुलटोच्या त्याची फळं खातो, चिकट बी शेजारच्या फांदीला पुसतो आणि नवं बांडगूळ रुजतं. त्याच्याच पानांवर हळदीकुंकू फुलपाखराची मादी अंड्यांचा पुंजका घालते. पिवळ्या-तांबड्या पंखांचं हे फुलपाखरू आवडतं सगळ्यांना. बांडगूळ काढून ते मिळणार नाही.

लोकांचे काही प्रश्न ठरलेले असतात. “अहो, अळ्या चावतात ना?” असं आजी-आजोबा नातवंडांच्या काळजीने विचारतात. २०२२ साली मराठवाड्यात घोणस अळीच्या बातम्या आल्यापासून ही भीती जास्त वाढली. घोणस अळीच्या काट्यांनी तीव्र वेदना होतात हे खरं आहे, आणि केसाळ अळीला हात लावू नये हेही. पण या पुस्तकात ज्या फुलपाखरांबद्दल लिहिलं आहे त्यांच्या अळ्या चावत नाहीत, डंख मारत नाहीत. दुसरा प्रश्न सापाचा. झाडीमुळे साप येत नाहीत. उंदीर, उघडा कचरा आणि विटांचे ढीग यांच्यामागे येतात. तिसरा डासांचा: पाण्याचं भांडं ठेवायचं तर दर दोन दिवसांनी ओतून घासायचं, एवढं केलं की गप्पी मासे सोडायची गरज राहत नाही.

आणि पालापाचोळा. तो झाडून पेटवणं ही आपल्या शहरांची जुनी खोड आहे. त्याच पाचोळ्यात गोगलगाई, गांडुळं, बेडूक, आणि सातभाईंचा अख्खा गोतावळा दिवसभर उलथापालथ करत असतो. झाडाच्या आळ्यात तो राहू दिला तर पाणीही कमी लागतं. बागेचा एक कोपरा उघड्या मातीचा ठेवा, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक टाकू नका; एकेकट्या राहणाऱ्या कित्येक मधमाश्या जमिनीत बिळं करतात. गुलाबाच्या पानाला कुणी कर्कटकाने कापल्यासारखी गोल फोड काढलेली दिसली तर ती पानकापी मधमाशीची करामत, तुकडा तिने पिल्लाच्या खोलीला अस्तर म्हणून नेलेला असतो. खिडकीच्या चौकटीत मातीचं बोळकं करणारी कुंभारीण तुमच्याच बागेतल्या अळ्या नेऊन आपल्या पिल्लांना पुरवते. कीड आटोक्यात ठेवणारे असे कारागीर फवारणीने आधी मरतात आणि कीड नंतर, हा उलटा व्यवहार एकदा लक्षात आला की पंप अडगळीत जातो.

जागेची तक्रार कुणी करू नये. माहीमला मिठी नदीकाठी शहराचा कचरा टाकायची जागा होती. तिथे सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. शेजारी धारावी, वरून जाणारी वाहतूक, आणि आत फुलपाखरं. आपल्याकडे कचऱ्याचा डोंगर नाही, फार तर चौथ्या मजल्यावरचा ग्रिलमधला चौकोन आहे. त्यात लिंबू, कढीपत्ता, कोरांटी आणि एका कुंडीत मुद्दाम न उपटलेली घोळ एवढं मावतं.

रोपं कुठून आणायची? रानातून खणून आणू नका, हे पहिलं. ऑर्किडं, कंद, देवराईतली रोपं उचलून अंगण सजवणं ही चोरीच आहे, आणि ती बहुधा महिन्याभरात मरतात. बी गोळा करा, तेही झाडाखाली पडलेलं आणि सगळं नाही. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. बहाव्याचं बी दगडासारखं. कवच घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय वर्ष वर्ष उगवत नाही. जांभूळ आणि कडुनिंब याच्या उलट, फळ पडल्यापासून थोड्याच दिवसांत पेरलं नाही तर बी मरतं. पांगारा फांदीने लागतो. उंबराचं बी पक्ष्याच्या पोटातून गेलेलं असेल तर उत्तम, म्हणूनच जुन्या भिंतींत आणि गटारांच्या कडेला आपोआप आलेली रोपं मिळतात; ती हलकेच काढून लावावीत. बीजगोळे घाटात भिरकावण्याच्या सहलींबद्दल मी फारसं चांगलं बोलू शकत नाही. त्यातून उगवतं थोडं, आणि कुठल्या उतारावर कुठलं बी पडावं याचा विचार त्यात क्वचितच असतो. त्यापेक्षा मृगाच्या पहिल्या दोन-तीन दणक्यांनंतर, जमीन खोलवर ओली झाली की, दोनच रोपं लावून दोन उन्हाळे जगवणं जास्त कष्टाचं काम आहे.

पुढच्या प्रकरणांत वनस्पती पावसाच्या पट्ट्यांप्रमाणे लावल्या आहेत, अकारविल्हे नाहीत. आधी तुमचा पट्टा काढा आणि तिथून वाचायला सुरुवात करा. बाकीची प्रकरणं नंतर चवीने वाचली तरी चालतील. प्रत्येक वनस्पतीपुढे तिच्यावर कोण अंडी घालतं, फळ कोण खातं आणि घरट्याला कोण वापरतं हे दिलं आहे. फुलांचा रंग आणि वास शेवटी. नावांच्या बाबतीत मी माझ्या कानावर पडलेली नावं वापरली आहेत, ती बहुतेक पुणे-सातारा भागातली. तुमच्याकडे हेंकळीला किंवा मोईला दुसरं काही म्हणत असतील तर तेच नाव समासात पेनने लिहून ठेवा. शास्त्रीय नाव सोबत आहे, त्यामुळे रोपवाटिकेत घोटाळा होणार नाही. आणि झालाच, तर रोप घेण्याआधी पान चुरगळून वास घ्या, चीक निघतो का बघा, आणि विकणाऱ्याने “याला कीड लागत नाही” म्हटलं तर दुसऱ्या ओळीतली रोपं दाखवायला सांगा.